मंगलची सहा पावलं

प्रिय आत्याबाई,

‘प्रिय’ ऐकून तुम्ही पदराआड हसला असाल. सासूला कोणी प्रिय लिहितं का? आणि तेही मी? मोरीवरून, मिठावरून, ओल्या लुगड्यांवरून अकरा वर्षं तुमच्याशी रोज हुज्जत घालणारी तुमची सून? पण आज मला दुसरं काही लिहवत नाही. आज सकाळी आपल्या दारात पोस्टमन आला होता, तुमच्या लेकीच्या, मंगलच्या नावाची मनीऑर्डर घेऊन. सरकारची!

ऐकलंत का? सरकारचं आलं!

तुम्ही जाऊन वर्ष व्हायला आलं, पण अजून पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मला तुमचाच आवाज ऐकू येतो. खाटेवरून मान उंच करून तुम्ही विचारायचात, “सरकारना पैसा उनात का?” आणि पोस्टमन बिचारा गुजराती माणूस, तुमची अहिराणी त्याला निम्मीच कळायची, तरी हात हलवून सांगायचा, “ना माजी, आजे नथी.” आज तो आपणहून ओरडत आला. म्हणाला, माजी क्यां? मी तुमच्या फोटोकडं बोट दाखवलं. मग त्यानं टोपी काढली, हो, खरंच काढली, आणि मगच पिशवी उघडली.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मंगल वाचून दाखवणार आहे फोटोपुढं. मी शिकवली तिला अक्षरं, तुम्ही ‘नसते उद्योग’ म्हणायचात ते. म्हणून जे लिहायचं ते खरंच लिहावं लागेल, कारण खोटं आलं की ती तिथंच थांबेल आणि मला टोकेल.

तर आधी खोट्याचंच बोलते. आत्याबाई, अकरा वर्षांत मी तुमच्यापुढं एकदाच गप्प बसले, आणि नेमकी तीच माझी मोठी चूक झाली.

आठवतो का तो दिवस? नळावर बायकांत बोलणं निघालं की ज्यांचे हातपाय चालत नाहीत त्यांना सरकार दर महिन्याला मदत देतं, फक्त सरकारी दवाखान्यात डॉक्टरांचं बोर्ड बसतं, तिथं तपासून दाखला घ्यायचा. तान्ही असताना तापात मंगलचे दोन्ही पाय गेले ते गेलेच. सव्वीस वर्षं तुम्ही तिला कडेवर, पाठीवर, नाहीतर दोन्ही हातांवर वागवलं. मी म्हटलं, आत्याबाई, हे आपल्यासाठीच आहे. तुम्ही आधी भडकलात. ‘माझ्या पोरीला भीक नको.’ मग दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणालात, “मेडिकल कधी आहे?”

मेडिकल! तो शब्द तुमच्या तोंडून आला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आपल्या घरात मेडिकल एकच झालेलं होतं, तुमच्या लेकाचं. यंत्रमागावर बारा बारा तास काढून त्याचा उजवा कान गेला, आणि हजीऱ्याला एका कंपनीत ठेकेदाराकडं काम मिळत होतं तर तिथं आधी मेडिकल. तुम्ही त्याला आठ दिवस घरात उभं करून शिकवलंत. डॉक्टर इकडून आला तर असा वळ, तिकडून आला तर तसा वळ, डावा कान पुढं ठेव, ऐकू आलं नाही तरी ‘जी साब’ म्हण. तो पास झाला! आपल्या सगळ्या गल्लीत हेच चालायचं. कोणी मोडलेलं बोट मुठीत लपवायचं, कोणी खोकला गिळायचं. मेडिकल म्हणजे खोट झाकायची आणि पास व्हायचं, हे आपल्या लोकांच्या हाडात बसलेलं. मग लंगड्या-पांगळ्यांचं मेडिकल उलटं असतं, हे तुम्हाला कोण सांगणार?

मी सांगायला हवं होतं. पण मी त्या पंधरा दिवसांत साड्यांना टिकल्या लावायच्या कामात बुडाले होते, आणि मला वाटलं तुम्ही नेहमीसारखी मालिश करताय. पहाटे उठून तिळाचं तेल कोमट करायचं, घोट्यापासून मांडीपर्यंत रगडायचं, मग तिला भिंतीला टेकवून उभं करायचं. “उभी राह. हालू नको. टाक.” मंगल रडायची, तुम्ही ओरडायचात, आणि मग दोघी हसायच्या. पंधराव्या दिवशी तिनं खाटेपासून उंबऱ्यापर्यंत सहा पावलं टाकली. मीही टाळ्या वाजवल्या! सव्वीस वर्षांत न चाललेली पोर चालली, मी काय म्हणणार होते, चालू नकोस?

बोर्डाच्या दिवशी तुम्ही तिला माझी लग्नातली हिरवी साडी नेसवलीत, मला न विचारता. केसांत अबोलीचा गजरा. त्या लांब व्हरांड्यात लोक खुरडत, सरपटत आले होते, आणि आपली मंगल नवरीसारखी बसली होती. चष्मेवाल्या डॉक्टरनं विचारलं, “चाली शके छे?” चालता येतं का? आणि तिनं तुमच्याकडं बघितलं, ओठ आवळले, आणि चालली. सहा पावलं! डॉक्टर म्हणाले, बस, बस. तुम्ही दारातून एवढ्या मोठ्यानं “शाब्बास मनी वाघीण!”, शाब्बास माझी वाघीण, म्हणालात की सगळा व्हरांडा आत बघायला लागला.

कागद हातात आला. मला गुजराती वाचता येतं. त्यावर लिहिलं होतं की ही बाई आधाराशिवाय चालते, आणि अपंगत्वाचे टक्के मदतीला लागतात त्याच्या निम्मेही नव्हते.

तुम्ही विचारलंत, “पास ना गं?”

आत्याबाई, तुमचा चेहरा तुम्ही बघितला नाहीत, मी बघितला. मग मी म्हणाले, “पास.”

आणि तुम्ही काय केलंत? रिक्षातून उतरल्या उतरल्या गूळ-खोबरं आणायला पाठवलंत! आपल्या रांगेतल्या एकूण एक घरात स्वतः जाऊन वाटलंत. “मनी आंडेर पास व्हयनी!” आपली पोर पास झाली, म्हणून त्या ओडिया बाईला सांगितलंत, कांताबेनला सांगितलंत, ज्यांना अहिराणीतलं ओ की ठो कळत नाही त्यांनाही सांगितलंत. त्या संध्याकाळी मी कुठल्या तोंडानं खरं सांगायचं होतं? तुमच्या हातानंच तुमच्या लेकीचं नुकसान झालं, हे तुम्हाला पचलं असतं का? आज उद्या करत राहिले. तुम्ही विचारायचात, मी म्हणायची कचेरीत कागद अडकलाय. तुम्ही कचेरीला शिव्या घालायचात. त्या शिव्या माझ्या होत्या, बरं का. एकेक मी निमूट घेतली.

आता मला विचाराल, तू एवढी तोंडाळ, मग गप्प का बसलीस? भीती नव्हती. माया होती, आत्याबाई! आता सांगून टाकते, नाहीतर कधी सांगणार? सुरतेत प्लेग आला त्या दिवसांत अख्खी गल्ली मिळेल त्या गाडीनं खानदेशात पळाली. तुमचा लेक पोरांना घेऊन शहाद्याला निघाला, माझंही गाठोडं बांधलेलं होतं. तुम्ही उंबऱ्यात बसून म्हणालात, जा तुम्ही सगळे, त्या रेटारेटीत मंगलला कोण उचलील, आम्ही मायलेकी राहतो इथंच. मी गाठोडं सोडलं. तुम्ही एक शब्द चांगला बोलला नाहीत. म्हणालात, “राहिलीसच तर डाळ शिजत घाल.” पण त्या दिवशी मिठाला नावं ठेवली नाहीत. सुनसान गल्लीत तीन बायका, तोंडाला फडकी बांधून पत्ते खेळत बसल्या होत्या. तेव्हापासून तुम्हाला दुखवायचं माझ्या जिवावर यायचं. भांडायचं वेगळं, दुखवायचं वेगळं.

मग तुमचा तो शेवटचा आठवडा आला. काविळीनं डोळे हळदीसारखे झाले होते. तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, “सरकारचं आलं की मंगलच्या हातात दे. माझ्या हातात नको, तुझ्याही नको. तिच्या हातात.” मी हो म्हणाले. न येणाऱ्या गोष्टीचा शब्द दिला मी तुम्हाला, आणि तुम्ही त्या शब्दावर डोळे मिटलेत.

तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी मी दवाखान्यात!

खिडकीवरचा कारकून मोठा बेरकी होता. रजिस्टर उघडायचा, बोट ठेवायचा, “बेन, यहां लिखा है चलती है.” मी म्हणायची, सहा पावलं चालते. तो म्हणायचा, चलती है ना? पाच वेळा गेले. टिकल्यांचं काम बुडवून, दोन रिक्षा बदलून, मंगलला पाठीवर घेऊन. पाचव्या वेळी मी तिला त्याच्या खिडकीसमोरच्या फरशीवर ठेवलं आणि म्हटलं, घ्या, चालते ना, मग चालवून घरी पोचवा, मी निघाले. आणि खरंच निघाले हो! जिन्यापर्यंत गेले. मागून मंगल खो खो हसत होती, आणि तो “ओ बेन! ओ बेन!” करत खुर्चीतून उठला होता. त्या दिवशी पुन्हा तपासायची तारीख मिळाली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, अशी सून बघून आणली ती काय उगीच?

पण आत्याबाई, खरी लढाई दवाखान्यात झाली नाही. ती आपल्या घरात झाली, त्या तारखेच्या सकाळी.

मी ठरवलं होतं, या वेळी चूक नाही. जुनी साडी काढली. केस विंचरू दिले नाहीत. म्हटलं, मंगल, आज एकही पाऊल टाकायचं नाही. डॉक्टरनं उभं केलं की अंग सोडून दे, धाडकन पड. हातही नीट हलवू नकोस. तोंड वेडंवाकडं केलंस तर आणखी बरं.

ती माझ्याकडं बघत राहिली. तुम्हाला माहीत आहे ती कशी बघते, तुमच्यासारखीच. मग म्हणाली, “मायनं मला धडधाकट करून नेलं. तू मला मुडदा करून ने. मी आहे तशी मला कधी कोणी नेणार का गं?”

तिच्याकडून काढून घेतलेला कंगवा मी खाली ठेवला. मी दवाखान्यात भांडले, कचेरीत भांडले, सगळ्या जगाशी तिच्यासाठी भांडले, आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं! तुम्हीही विचारलं नव्हतं. दोघी एकाच माळेचे मणी! मी म्हटलं, पैसे हातचे जातील मंगल. ती म्हणाली, “जाऊ देत. मायनं रडून रडून शिकवलेली सहा पावलं मी लपवणार नाही. आणि सहाची साठही सांगणार नाही.”

मग तिनंच केस विंचरले. गजरा मागितला.

डॉक्टर तेच होते, चष्मेवाले. त्यांनी कागद बघितला, तिच्याकडं बघितलं, आणि काय विचारलं असेल सांगा! “शाब्बासवाळां माजी क्यां छे?” शाब्बास म्हणणाऱ्या माजी कुठं आहेत! तुमचा आवाज लक्षात होता त्यांच्या, दीड वर्षानंतर! मंगल म्हणाली, माय गेली साहेब, पण तिनं शिकवलेलं माझ्याजवळ आहे, बघता का?

आणि ती उठली. मी पुढं झाले तर तिनं डोळ्यांनी मागं सारलं. एक. दोन. तिसऱ्याला गुडघा थरथरला, मी पदर तोंडात धरला. चार. पाच. सहा! घामानं भिजलेली, पण ताठ उभी. डॉक्टरांनी पेन उचललं. झालं, म्हटलं, पुन्हा तेच लिहिणार.

तेवढ्यात मंगल म्हणाली, “साहेब, हवे सातमुं पूछो.” आता सातवं विचारा!

डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, “चालो बेन, सातमुं.”

तिनं पाय उचलला आणि दोन्ही गुडघे दुमडले. मी धावत जाऊन तिला वरच्या वर धरलं, जशी रोज धरते तशी. माझ्या हातांवर लोंबकळत, धापा टाकत ती काय बोलली ते शब्दाला शब्द लिहिते. म्हणाली, “साहेब, सातवं पाऊल माझं नसतं, माझ्या वहिनीचं असतं. आधी मायचं असायचं. आणि आमच्या दारापासून संडासापर्यंत बावीस आहेत.”

आत्याबाई, त्या खोलीत बसलेल्या एका नर्सनं तोंड फिरवून डोळे पुसले. डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवायला सांगितलं आणि मग विचारत बसले. अंघोळ कशी करता? पाणी कोण देतं? ही वहिनी आजारी पडली तर? मागच्या वेळी यातलं कोणी विचारलंच नव्हतं, आणि आपणही सांगितलं नव्हतं, हिरवी साडी दाखवण्यातच गुंग! त्यांनी बराच वेळ लिहिलं. जुन्या ओळीवर रेघ मारली, खाली सही केली, आणि कागद माझ्याकडं नाही, मंगलकडं दिला. मी तिच्या खांद्यावरून वाचला. या वेळी टक्के पुरून उरत होते!

व्हरांड्यातून तिला पाठीवर घेऊन जाताना मी रडत होते आणि ती माझ्या कानात ओरडत होती, “पास ना गं वहिनी? पास ना?” तिला सगळं माहीत होतं, आत्याबाई! त्या पहिल्या दिवशी माझ्या खाली गेलेल्या मानेकडं बघूनच तिला कळलं होतं की मी खोटं बोलले. तीही तुमच्यासाठीच गप्प राहिली होती. म्हणजे घरात फसवल्या गेलेल्या तुम्ही एकट्याच, आणि फसवणाऱ्या आम्ही दोघी. आता आम्हाला काय हव्या त्या शिव्या घाला.

त्यानंतरचं कचेरीचं काम म्हणजे फॉर्म, फोटो, तलाठ्याची चौकशी, पुन्हा फॉर्म. नाकी नऊ आले, पण आता अडवायला कोणाला काही सापडेना. आणि आज सकाळी पोस्टमन. त्यानं नेहमीच्या सवयीनं शाईची पेटी पुढं केली, अंगठ्यासाठी. मंगलनं ती बाजूला सारली, पेन मागितलं, आणि सही केली. नसते उद्योग, नाही का? मी हात मागं बांधून उभी होते. त्यानं नोटा माझ्याकडं करायच्या आधीच मी सांगितलं, भाऊ, तिच्या हातात. तुम्हाला दिलेला शब्द, आत्याबाई! पुरा झाला.

मग मी काय केलं असेल? गूळ-खोबरं! तुम्ही वाटलं होतं त्याच घरांत, त्याच क्रमानं. कांताबेन म्हणाल्या, “फरी पास थई?” पुन्हा पास झाली का? मी म्हटलं, हो, पुन्हा, आणि या वेळी खरी.

एक गोष्ट राहिली. मंगलनं त्या पैशातून पहिली वस्तू मागवली ती तिळाच्या तेलाची बाटली. मला वाटलं, पायांना लावायला. दुपारी मी टिकल्यांचा गठ्ठा सोडत होते तर म्हणाली, वहिनी, इकडं पाठ करून बस. मी म्हटलं, काय गं? “बस म्हटलं ना!” आणि माझी पाठ रगडायला लागली. आत्याबाई, तिच्या हातात केवढी ताकद आहे! सगळं अंग हातांवर ओढणारी ती, आणि मला कधी सुचलंच नव्हतं. कमरेत जिथं रोज कळ येते नेमका तिथं अंगठा. म्हणाली, “मला उचलून उचलून दुखते ना? सरकारनं मला दिलं, तुला कोण देणार?” मी जरा हलले तर पाठीत चापट. “हालू नको!” हुबेहूब तुम्ही! मी रडले हो. अकरा वर्षांत माझ्या पाठीला कोणी तेल लावलं नव्हतं. तुमच्याही पाठीला कोणी लावलं नसेल सव्वीस वर्षांत, मीही नाही लावलं. त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं. तेवढं मला माफ करा.

आपल्या मागच्या रांगेत एक पोर आहे, तिचेही पाय चालत नाहीत. तिची आई काल विचारत आली होती, बोर्डाला जाताना पोरीला काय शिकवू? मी म्हटलं, काहीही शिकवू नकोस. आहे तशी ने. मी येते बरोबर.

आणि तुम्हाला माझा शब्द, आत्याबाई. पहाटेची मालिश चालूच आहे, डॉक्टरसाठी नाही, सरकारसाठी नाही, तिच्यासाठी. खाटेपासून उंबऱ्यापर्यंतची तुमची सहा पावलं मंगल रोज टाकेल. सातव्याला मी उभी आहे.

तुमची तोंडाळ सून,
सुमन
नवागाम, सुरत